कण्याचा बाक आणि हृदयातली मर्मर: यांचा एकमेकांशी संबंध असतो का?

कृष्णाकाठची (सांगली)

सरळ प्रश्न विचारते. मुलीच्या पाठीच्या कण्याला बाक असेल, म्हणजे ज्याला स्कोलिओसिस म्हणतात, तर त्यामुळे हृदयात मर्मर, म्हणजे रक्त वाहतानाचा आवाज, ऐकू येते का? की या दोन वेगळ्या गोष्टी एकाच मुलीत योगायोगानं सापडल्यात?

मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. शाळेचा नवा ड्रेस शिवताना टेलरताई म्हणाल्या की उजवा खांदा वर आहे, माप बसत नाही. विश्रामबागेतल्या हाडांच्या डॉक्टरांनी उभ्यानं एक्स-रे काढला. छातीच्या भागात उजवीकडे बाक, कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) २४ अंश. दर चार-सहा महिन्यांनी एक्स-रे काढू, वाढला तर ब्रेस (पाठीला आधार देणारा कडक पट्टा) घालू, असं म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी स्टेथोस्कोप लावला आणि कार्डावर लिहून दिलं, 'मर्मर, टूडी इको करावा'. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तारीख मिरजेत मिळाली आहे, पुढच्या आठवड्यातली.

घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, वाकडा कणा काळजावर दाबतोय, आधी पाठ सरळ करून घ्या. मिस्टर म्हणतात, आधी हृदय, पाठीचं नंतर बघू. पोरगी खेळते, सायकल चालवते, धाप लागत नाही. संध्याकाळी लवकर दमते एवढंच. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सविस्तर लिहा. डॉक्टर सभासदांनी लिहिलं तर फार बरं होईल.

माणदेशी

भाच्याला पाचवीत असताना अशीच मर्मर सांगितली होती. बहिणीनं आठ दिवस जेवण सोडलं होतं. इको नॉर्मल आला. आता तो भरतीसाठी रोज पहाटे पळतोय. ताई, घाबरू नका, पण इकोची तारीख चुकवू नका.

पिवळं सोनं (सांगली)

आमच्या भागात एक हाडवैद्य आहेत, पिढीजात. तेल लावून मणके जागेवर बसवतात. माझ्या वडिलांची कंबर त्यांनीच मोकळी केली. ऑपरेशन, पट्टे यांच्या मागे लागण्याआधी एकदा दाखवून बघा. दप्तराचं ओझं पण कमी करा, आजकालची पोरं दप्तरानंच वाकलीत.

फिजिओताई (कराड)

@पिवळं सोनं, वडिलांना आराम पडला हे चांगलंच झालं, पण कंबर धरणं आणि वाढत्या वयाच्या मुलीचा कणा वळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, मणके स्वतःभोवती फिरतातही आणि त्यांच्याबरोबर बरगड्याही वळतात. वरून दाबून ते परत बसत नाहीत. १३ वर्षांच्या मुलीच्या पाठीवर कुणाला जोर लावू देऊ नका, हात जोडून सांगते. दप्तरामुळे पाठ दुखते, स्कोलिओसिस होत नाही. या वयात दिसणारा बहुतेक बाक 'इडिओपॅथिक' असतो, त्यामागे एकच असं ठरावीक कारण सापडत नाही. १० ते १६ वर्षांच्या मुलामुलींत १० अंशांहून जास्त बाक शंभरात दोघा-तिघांना असतो. लहान बाक मुलग्यांतही जवळपास तितकेच दिसतात, वाढत जाणारे मोठे बाक मात्र मुलींत कितीतरी जास्त.

आता सासूबाईंच्या शंकेबद्दल. २४ अंशांचा बाक हृदयावर दाबत नाही. छातीतला बाक ७०-८० अंशांच्या पुढे जातो तेव्हा फुप्फुसांना फुगायला जागा कमी पडू लागते. १०० च्या पुढे गेला आणि श्वास बरीच वर्षं अपुरा पडत राहिला, तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. तुमची मुलगी त्यापासून फार लांब आहे.

बाकीच्या आयांसाठी एक सोपी तपासणी. मुलाला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळवे एकमेकांना लावून कमरेतून पुढं वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू उंचवटा येऊन वर दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. नुसतं उभं असताना लहान बाक कळत नाही.

बामणोलीकडचा

फिजिओताईंनी लिहिलं ते आमच्या घरात घडलंय, म्हणून लिहितो.

थोरली बहीण. तीन-चार वर्षांची असल्यापासून पाठ वाकडी. त्या काळी आमच्याकडं रस्ता न्हवता, कोयनेचं पाणी ओलांडून लाँचनं जायचं. आई-वडिलांनी देवाला नवस केला, शेक दिला, मेढ्याला एकदा दाखवलं. पुढं कुबड वाढत गेलं. विशीपर्यंत भाताची लावणी करायची, नंतर चढाला थांबायला लागली. चाळिशीत पाय सुजायला लागले, रात्री आडवं झोपता येईना, उशा लावून बसून झोपायची. साताऱ्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले फुप्फुसांमुळं हृदयाची उजवी बाजू थकलीय. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं शेवटी. ४६ व्या वर्षी गेली.

ताई, तुम्हाला घाबरवायला लिहीत न्हाय. तुमच्या पोरीचं लवकर सापडलंय, आमच्या बहिणीचं कुणी मोजलंच न्हाय. चार-सहा महिन्यांनी एक्स-रे काढायला सांगितलाय तर काढा. पोरगी हसतीखेळती हाय म्हणून पुढं ढकलू नका.

कृष्णाकाठची

दादा, वाचून रडू आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. फिजिओताई, मग आता २४ आहे तो ७० पर्यंत जाईल का, हा नवीन प्रश्न डोक्यात बसलाय.

फिजिओताई

तसं सहसा होत नाही. दादांच्या बहिणीचा बाक अगदी लहानपणी सुरू झाला होता. पाच वर्षांच्या आत सुरू होणारा बाक हा वेगळा आजार समजा. छाती आणि फुप्फुसं वाढायच्या वयातच जागा कमी पडते. दहा वर्षांनंतर सुरू होणाऱ्या बाकाचा इतिहास बराच सौम्य आहे. अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या अशा रुग्णांचा ५० वर्षं मागोवा घेतला गेला, २००३ मध्ये तो छापून आला. पाठदुखी थोडी जास्त होती, छातीचे मोठे बाक असलेल्यांना दम लागत होता, पण बहुतेक सगळे नोकरी-संसार करत सर्वसाधारण आयुष्य जगले. तुमच्या मुलीची पाळी सुरू झाली आहे का आणि एक्स-रेवर 'रिसर' किती लिहिलंय ते बघा. हाडांची वाढ किती उरली आहे ते त्यावरून कळतं आणि बाक वाढायचा धोकाही त्यावरच ठरतो.

जुना स्टेथो (मिरज)

मी बालरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे याला निदान समजू नका. विचार कसा करायचा तेवढं सांगतो.

मर्मर म्हणजे रक्त वाहतानाचा ऐकू येणारा आवाज. धडधाकट मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांत लहानपणी कधी ना कधी तो सापडतो. १९०९ मध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्लिश डॉक्टरांनी अशा निरुपद्रवी मर्मरचं वर्णन केलं होतं, ताणलेली तार छेडल्यासारखा सूर. झोपवून ऐकलं तर स्पष्ट, उभं केलं की मंद. ताप असला, मूल धावून आलं, अंगात रक्त कमी असलं की मोठा. शाळेच्या पथकातल्या डॉक्टरांना गडबडीच्या वर्गात एवढं सगळं तपासायला वेळ नसतो, म्हणून त्या इको लिहून देतात आणि ते बरोबर करतात.

आता कण्याशी नातं. कणा वाकल्यामुळे मर्मर झाली, असं सहसा घडत नाही. दोन्ही एकाच मुळातून आलेली असू शकतात, आणि डॉक्टर शोधतात ते हे मूळ. मणके जन्मतःच अर्धवट किंवा जुळलेले असतील तर हृदय हमखास बघायचं, कारण गर्भातले मणके आणि हृदय पहिल्या दोन महिन्यांत एकाच सुमाराला घडत असतात. अशा दहांतल्या किमान एका मुलाच्या हृदयात काहीतरी दोष निघतो. त्यांच्या किडन्यांची सोनोग्राफीही करतात. तुमच्या मुलीच्या एक्स-रेत मणक्यांचा आकार नीट आहे का, हे हाडांच्या डॉक्टरांनी पाहिलं असेलच, तरी विचारून घ्या.

दुसरं मूळ शरीरातल्या जोडऊतीचं. हाडांचे सांधे, डोळ्यांतलं भिंग जागेवर धरणारे धागे, महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) भिंत, हृदयाच्या झडपा या सगळ्यांना बळकटी देणारं द्रव्य कमकुवत असेल तर कणा वाकतो, झडप मागं झुकते. मार्फान सिंड्रोम हा त्यातला ठळक आजार. त्याहून खूप सौम्य म्हणजे मायट्रल झडपेचा प्रोलॅप्स, हृदयाच्या डाव्या बाजूची ही झडप मिटताना मागं झुकते. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन-तीन जणांना तो असतो, आणि सडपातळ बांध्याच्या, कण्याला बाक असलेल्या किंवा छातीत खळगा असलेल्यांत तो जास्त सापडतो. काही मुलांची पाठ गरजेपेक्षा सपाट असते, छाती पुढून-मागून चपटी होते आणि हृदय निरोगी असूनही छातीच्या भिंतीला इतकं जवळ येतं की आवाज ऐकू येतो. फ्रिडरिच अटॅक्सिया किंवा डुशेन यांसारख्या नसा-स्नायूंच्या आजारांत कणाही वाकतो आणि हृदयाचा स्नायूही बिघडतो, पण त्या मुलांचा तोल जातो, चालणं बिघडतं. सायकल चालवणाऱ्या मुलीत ते मनात आणू नका. आणि उलटही होतं: तान्हेपणी बरगड्यांमधून हृदयाचं ऑपरेशन झालेल्या काही मुलांना पुढं वाढताना बाक येतो.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, तिचा कण्याशी काही संबंध नाही. घसा दुखून ताप, मग दोन-तीन आठवड्यांनी एकेक सांधा सुजणं, तो बरा झाला की दुसरा धरणं. याला संधिवाताचा ताप म्हणतात आणि तो झडपा कायमच्या खराब करतो. तसं कधी झालं असेल तर इको करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. धावताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, हेही सांगायचं. यातलं काही असेल तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

डॉक्टरसाहेबांनी मार्फानचं नाव घेतलं म्हणून लिहितो. माझा मुलगा. नववीत सहा फूट. सगळे म्हणायचे व्हॉलीबॉलला घाला. पाठीला बाक होता, पण उंच पोरं वाकूनच चालतात असं आम्ही धरून चाललो. चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करून बघितली आणि म्हणाल्या, भिंग जागचं सरकलंय, याचा हृदयाचा इको आजच करा. डोळ्यांसाठी गेलेलो आम्ही, काही कळेना. इकोत महारोहिणीचं मूळ रुंद झालेलं निघालं. ती फाटली असती तर खेळता खेळता गेला असता, हे मला नंतर समजलं.

आता रोज गोळी आहे, महारोहिणीवरचा ताण कमी करणारी. दर वर्षी इको. कबड्डी, व्हॉलीबॉल, वजनं उचलणं बंद, चालणं-पोहणं चालू. माहुलीला पोहायला जातो. पाठीला ब्रेस लावला होता, मार्फानमध्ये त्याचा उपयोग तुलनेनं कमी होतो असं सांगितलं होतं आणि तसंच झालं, बाकाचं ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी हृदयाचा सगळा हिशोब पुन्हा मांडला.

हा आजार साधारण पाच हजारांत एकाला असतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना कण्याचा बाक असतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, पण चारांतल्या एका रुग्णाच्या घरात आधी कुणालाच नसतो. आमच्या घरी कुणालाच नव्हता.

घरी बघायच्या दोन खुणा सांगतो. अंगठा तळव्यात आडवा धरून मूठ मिटा: अंगठ्याचं नख पूर्ण पलीकडं करंगळीच्या बाजूनं बाहेर आलं का? आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाला अंगठा-करंगळीनं वेढा घाला: टोकं एकमेकांवर चढली का? दोन्ही असलं आणि सोबत बाक असला तर डॉक्टरांना सांगा. नुसती एक खूण असली म्हणून काही सिद्ध होत नाही.

कोरेगावचा वाघा

वरचं वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या आख्ख्या ऑफिसनं अंगठे मुठीत धरले. साहेब आत आले, त्यांना वाटलं आमचं आंदोलन आहे. :)

दादा, तुमच्या मुलाला खूप शुभेच्छा. त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना आमचा नमस्कार सांगा.

पलूसची सून

माझं बाळ जन्मतः बाक असलेल्यांतलं. एक मणका अर्धाच तयार झालेला. नवव्या महिन्यात बसायला लागला तेव्हा लक्षात आलं. लगेच इको, पोटाची सोनोग्राफी, मणक्याचा एमआरआय अशी रांग लागली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं, आणि किडनी एकच. आधी तर रोज वाटायचं हे एवढं सगळं एका जीवाला का. छिद्र लहान होतं, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत आपोआप बंद झालं. एका किडनीवर तो मजेत आहे. पाठीचं ऑपरेशन चौथ्या वर्षी झालं.

शाळेत आणि अंगणवाडीत येणारं ते तपासणी पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, २०१३ पासून सुरू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या तपासण्या आणि हृदयाच्या ऑपरेशनपर्यंतची मदत त्यातून मिळते. ताई, पथकानं दिलेलं कार्ड जपून ठेवा आणि मिरजेला जाताना घेऊन जा. आम्ही ते हरवलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागलं असतं.

सतारमेकर गल्ली

मिरजेला येताय तर सकाळी लवकर या, दवाखान्यांच्या बाजूला अकरानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. सांगलीहून येत असाल तर सिटी बसच बरी. मुलीला कंटाळा आला तर तंतुवाद्यांच्या गल्लीत घेऊन या. भोपळे वाळत टाकलेले, तारा चढवताना बघायला मुलांना आवडतं.

कृष्णाकाठची

पलूसच्या ताई, बाळाला उदंड आयुष्य लाभो. कार्ड पिशवीत घातलं. रिसर १ लिहिलंय, पाळी दोन महिन्यांपूर्वी सुरू झाली. अंगठ्याची खूण नाही. मणक्यांचा आकार नीट आहे असं हाडांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

वाळव्याची (सध्या पुणे)

मी स्वतः यातून गेले आहे, आता २४ वर्षांची. बाराव्या वर्षी ३१ अंश. ब्रेस दोन वर्षं. उन्हाळ्यात वाळव्यात तो प्लास्टिकचा ब्रेस घालून बसणं म्हणजे काय असतं हे फक्त घालणाऱ्यालाच कळतं. खाली बिनशिवणीचा सुती बनियन, तोही दिवसातून दोनदा बदलायचा, पावडर नाही, क्रीम नाही. वर्गातल्या मुली मला 'चिलखत' म्हणायच्या. आई रोज वहीत तास लिहायची. तिनं तो हट्ट धरला म्हणून माझा बाक शेवटी ३३ वर थांबला.

ब्रेसचा उपयोग होतो की नाही यावर घरात वाद असतील तर हे सांगा. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१३ मध्ये आले. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या टप्प्याच्या, म्हणजे ५० अंशांच्या, आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हेच ४८ टक्के. आणि ज्यांनी दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घातला त्यांच्यात ९० टक्क्यांहून जास्त.

आणि हो, मलाही मर्मर आहे. मायट्रल प्रोलॅप्स, सौम्य, गळती जवळपास नाही. म्हणून मला वाटतं की संबंध नाही असं सरसकट म्हणू नये. माझ्यात तो आहे.

भूमितीचे सर (तासगाव)

वाळव्याची, तुझ्या जिद्दीचं कौतुक. पण हिशोबाचं एक बघ. मर्मर निम्म्या मुलांत कधीतरी ऐकू येते. मग बाक असलेल्या शंभर मुली घेतल्या तरी बऱ्याच जणींत ती असणारच, बाक नसता तरी असती. दोन सर्रास आढळणाऱ्या गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं धरता येत नाही. मला वाटतं ताईंच्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर आहे आणि ते स्पष्ट द्यायला हवं, नाहीतर घरोघरी सासूबाईंचा पक्ष जिंकतो.

वाळव्याची

सर, मर्मरबद्दल पटलं. प्रोलॅप्सबद्दल नाही. जुन्या स्टेथो काकांनीच लिहिलंय की बाक असलेल्यांत तो जास्त सापडतो. 'नाही' म्हणून सांगितलं असतं तर माझ्या आईनं इकोच केला नसता.

जुना स्टेथो

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे, तरी मी वाळव्याच्या मुलीकडे झुकतो. साध्या इडिओपॅथिक बाकात प्रत्येकाचा इको करायची गरज नसते. पण बाक आणि मर्मर दोन्ही सापडली की एक इको करायचाच, मग बाक कितीही लहान असो. त्यात झडपा, पडदे आणि महारोहिणीची रुंदी बघून घ्यायची. एकदा ते नीट निघालं की दोन्ही गोष्टी सुट्या करायच्या आणि कण्याचा उपचार कण्याच्या वेळापत्रकानं करायचा. 'आधी हृदय, मग पाठ' असं थांबून राहणं मला धोक्याचं वाटतं, कारण रिसर १ असलेल्या मुलीची उंची अजून वाढत असते आणि बाकही त्याच महिन्यांत वाढू शकतो.

बेटा, सौम्य प्रोलॅप्सला दात काढण्याआधी प्रतिजैविकं घ्यायची जुनी पद्धत २००७ पासून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली आहे. तुला कुणी अजून देत असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचार.

औंधची मावशी

एक विचारते, रागावू नका. मुलीची जात, उद्या लग्न, बाळंतपण. बाक आणि मर्मर असताना बाळंतपण झेपतं का? माझ्या पुतणीच्या स्थळाला याच कारणानं नकार आला.

वाळव्याची

मावशी, रागावत नाही. माझ्या डॉक्टरांनी आईसमोर सांगितलं होतं की एवढ्या बाकाला आणि एवढ्याशा प्रोलॅप्सला बाळंतपणाची काही अडचण नाही, भूलतज्ज्ञांना फक्त आधी कळवायचं, पाठीत इंजेक्शन देताना त्यांना सोपं जातं. ज्यांनी पुतणीला नकार दिला त्यांच्या घरात ती गेली नाही हेच बरं झालं.

अजिंक्यताऱ्याखाली

मार्फान असेल तर मात्र गरोदरपणाआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. तिथं धोका खरा असतो.

कृष्णाकाठची

आज मिरजेला जाऊन आलो. इको झाला. झडपा चांगल्या, पडद्यांत छिद्र नाही, महारोहिणीची रुंदी वयाच्या मानानं बरोबर, प्रोलॅप्स नाही. हृदय निरोगी आहे!

पण डॉक्टरांनी तिच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.४. म्हणाले, हिची मर्मर रक्त कमी असल्याची आहे. संध्याकाळी दमते ती त्यामुळेच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती मळमळ होते म्हणून घेतच नव्हती. आता रोजची औषधं दिली आहेत, जंतांची गोळी दिली, दोन महिन्यांनी परत रक्त आणि परत स्टेथोस्कोप.

सासूबाई आज स्वतः म्हणाल्या, पाठीच्या डॉक्टरांची तारीख लवकरची घ्या.

माणदेशी

लई भारी ताई! पेढे कंदी पाहिजेत, सातारचे.

जुना स्टेथो

फार आनंद झाला. अंगात रक्त कमी असलं की ते पातळ होतं, शरीराला प्राणवायू पुरवायला हृदय जास्त वेगानं आणि जास्त जोरानं रक्त सोडतं, वाहतानाचा आवाज त्यामुळे ऐकू येतो. रक्त भरून आलं की तो जातो. पाळी सुरू झालेल्या मुलींकडं तर खास लक्ष हवं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं होतं.

गोळी चहा-कॉफी किंवा दुधाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोडं खाऊन द्या, घेतच नाही त्यापेक्षा ते बरं. संडास काळी होते, त्याला घाबरायचं नाही. आणि हिमोग्लोबिन वर आलं तरी पुढं काही महिने औषध चालू ठेवायचं, शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांनी रक्त चांगलं असूनही मर्मर तशीच राहिली तर मात्र पुन्हा दाखवा.

पिवळं सोनं

छान बातमी. फिजिओताई, एक विचारतो. बाक सरळ होत नाही हे समजलं, पण पाठ दुखत असेल तर हलकं तेल चोळलं तर चालेल ना?

फिजिओताई

घरी आईनं हलक्या हातानं चोळलं तर जरूर चालेल, आराम पडतो. मणक्यांवर झटका देणं, पाय देऊन दाबणं नको. कृष्णाकाठची ताई, बाकासाठी खास शिकवले जाणारे श्रॉथचे व्यायाम असतात, जर्मनीच्या कॅथरीना श्रॉथ यांनी स्वतःच्या बाकासाठी ते शोधून काढले होते. प्रत्येकाच्या बाकाप्रमाणे ते बदलतात, त्यामुळे व्हिडिओ बघून करू नका, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून घ्या. ब्रेस सांगितला तर ब्रेस हाच मुख्य उपचार, व्यायाम त्याच्या सोबतीला. २४ वरून २५ च्या पुढं गेला तर डॉक्टर ब्रेसचं बोलतील, तेव्हा वाळव्याच्या मुलीला बनियनचं विचारा.

जतचा पाहुणा

धागा वर काढतो. नवीन सभासद आहे. मुलगा ११ वर्षांचा, कण्याला बाक १८ अंश, पण डावीकडं. छातीच्या भागातच. हृदयाचा इको केला, नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले पुढच्या वर्षी या. इथं सगळ्यांचा बाक उजवीकडं दिसतोय म्हणून विचारतो. डाव्या-उजव्यानं काही फरक पडतो का? त्याला खोकताना मान दुखते असंही म्हणतो अधूनमधून.

जुना स्टेथो

पडतो. छातीच्या भागातला नेहमीचा बाक उजवीकडं असतो. डावीकडं असेल, विशेषतः मुलग्यात आणि दहा-अकराच्या वयात, तर मज्जारज्जूत काही आहे का हे बघण्यासाठी पूर्ण कण्याचा एमआरआय करतात. खोकताना मान किंवा डोक्याचा मागचा भाग दुखतो हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं का? ते महत्त्वाचं आहे. कधीकधी मेंदूचा खालचा भाग मानेच्या कालव्यात उतरलेला असतो आणि मज्जारज्जूत पाणी साठतं, त्यातून असा बाक येतो. हृदयाचा इथं संबंध नाही, इको नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वर्षभर थांबू नका. याच आठवड्यात पुन्हा जा आणि या दोन गोष्टी शब्दशः सांगा. हाताला मुंग्या येणं, गरम-थंड न कळणं, लघवीवर ताबा सुटणं यातलं काही आहे का तेही बघा.

जतचा पाहुणा

खोकल्याचं सांगितलंच नव्हतं, विचारलंही नाही. सर, उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. एमआरआयला सांगितलं तर मिरजेतच करतो आणि इथं कळवतो.

सतारमेकर गल्ली

जतवरून पहिली गाडी धरा, दहाच्या आत पोचाल. जुना एक्स-रे आणि इकोचा कागद दोन्ही बरोबर घ्या. आल्यावर काही लागलं तर इथं लिहा, मी जवळच असतो.